उणे ८० चा फ्रीजर विकण्याआधी तो रिकामा करून बघा

ताई, निपाणीच्या तुमच्या कॉलेजात लॅबचे नमुने ठेवायला दोन उणे ८० अंश सेल्सिअसचे डीप फ्रीजर आहेत, बिलावरून प्राचार्य रोज विचारतात, म्हणून जुना रात्री बंद ठेवावा की विकून नवा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

रात्री बंद अजिबात करू नका. सकाळपर्यंत तापमान इतकं चढतं की आरएनए आणि प्रथिनांचं काही खरं राहत नाही.

नव्याचं नंतर बघू. आधी प्लग आणि सॉकेटच्या मधे १६ अँपिअरचा एनर्जी मीटर लावून आठवडाभर रीडिंग घ्या. जुना फ्रीजर दिवसाला २० युनिट सहज खातो. म्हणजे महिन्याला ६००. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत घराला जास्तीत जास्त २०० युनिट मोफत मिळतात, त्याच्या तिप्पट. शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते, जणू आठशे वॅटचा हीटर चोवीस तास चालू आहे. ती बाहेर काढायला एसी वेगळा पळतो.

मी बेळगावात बावीस वर्षं लॅबमधले फ्रीजर सांभाळले. सगळ्यात जास्त वीज वाचली ती आतलं सामान तपासून. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकेक रॅक बाहेर काढला. निम्म्याहून जास्त क्रायोबॉक्सवर (नमुन्यांच्या नळ्यांच्या डब्यांवर) नाव नाही, किंवा नाव आहे पण तो विद्यार्थी पीएचडी होऊन कधीच गेलेला. पीएचडीच्या प्रत्येक गाईडला यादी दिली, महिन्याची मुदत दिली. शुद्ध केलेला, बफरमधला डीएनए उणे २० ला हलवला, त्याला तिथं काही होत नाही. उरलेलं सगळं एका फ्रीजरमध्ये बसलं आणि दुसऱ्याचा प्लग काढला. मला विचाराल तर तुमचंही काम इथंच निम्मं होईल. नंतर कुठल्या रॅकमध्ये काय आहे याची यादी दारावर चिकटवा, म्हणजे दार उघडं ठेवून शोधाशोध होत नाही.

राहिलेला फ्रीजर उणे ७० वर आणा. विजेत पाव ते एक तृतीयांश फरक पडतो. गाईड घाबरतील, पण व्हायरॉलॉजीच्या (विषाणूशास्त्राच्या) जुन्या पुस्तकांत उणे ७० च लिहिलेलं असायचं. फायझरची कोविड लससुद्धा उणे ९० ते उणे ६० मध्ये ठेवायची होती. एक मात्र सांभाळा. वीज गेल्यावर नमुने खराब होण्याआधी हाताशी वेळ थोडा कमी उरतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे हेस्कॉमची लाईन कधी जाईल सांगता येत नाही. लॉगबुक काढून मागच्या वेळी लाईन गेल्यावर तापमान किती वेगानं चढलं ते बघा, जनरेटर किती मिनिटांत चालू होतो तेही बघा, मगच बदल करा. रिकाम्या कप्प्यांत पाऊण भरलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, पण रोज दोन-तीनच. एकदम भरल्या तर कंप्रेसरवर ताण येतो. (कॉलेजशेजारी रक्तपेढी असेल तर तिथं हे सांगू नका. प्लाझ्माला त्यांचे नियम वेगळे आहेत.)

जुलै-ऑगस्टमध्ये बर्फाकडे लक्ष द्या. दमट हवा दारातून आत शिरते, रबराभोवती बर्फ धरतो, दार नीट बसत नाही, मग आणखी हवा. आमच्याकडे एका पावसाळ्यात असंच होऊन कंप्रेसर दिवसभर थांबतच नव्हता. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, चाकू नको. दार लावल्यावर लगेच परत उघडायला ओढू नका. आत निर्वात झालेलं असतं, रबर फाटतं. दोन मिनिटं थांबा.

खालची धुळीची जाळी दर महिन्याला धुवा. या फ्रीजरमध्ये दोन कंप्रेसर असतात. पहिला दुसऱ्याला थंड करतो आणि पहिल्याची उष्णता या जाळीकडच्या हवेतच जाते. जाळी चोंदली की दोन्ही अडकतात. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा.

एवढं करून पुन्हा आठवडाभर मीटर लावा. तरी वीसच्या आसपास युनिट जात असतील तर नवा घ्या. थंड करायला हायड्रोकार्बन गॅस वापरणारे चांगले मॉडेल दहाच्या आत चालतात. कोटेशनमध्ये उणे ८० आणि उणे ७० दोन्हींवरचे दिवसाचे युनिट, आणि ते खोलीच्या किती तापमानाला मोजले, हे लेखी मागा.