कलाकारांचे कलाटणीचे क्षण आणि सापडलेल्या कथा: रेडिओवर काय ऐकावं?

तुमचा प्रश्न असा: 'कलाकारांच्या आयुष्यातल्या कलाटणीच्या क्षणांवरचे आणि विस्मरणातून पुन्हा सापडलेल्या कथांचे रेडिओ कार्यक्रम ऐकायचे आहेत. सुरुवात कुठून करू? आणि यूट्यूबवर इतक्या मुलाखती असताना रेडिओच कशाला?'

आधी दुसऱ्या भागाकडे वळते. पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघेल.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाचं आयुष्य बदलतं ते पुष्कळदा एखाद्या आवाजामुळे. भीमसेन जोशींची गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी तबकडीवर कानावर पडली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. चरित्रकाराने हा प्रसंग कितीही सुंदर लिहिला तरी कागदातून ठुमरी ऐकू येत नाही. रेडिओवर निवेदक दोन वाक्यं बोलतो, थांबतो आणि तीच तबकडी लावतो. त्या मुलाचं काय झालं असेल हे मग समजावून सांगावं लागत नाही. व्हिडिओतही गाणं लावता येतं हे खरं, पण तिथे गाणं चालू असताना आपण समोरच्याचा चेहरा, खोली, कपडे बघत बसतो. रेडिओवर बघायला काहीच नसतं, म्हणून कलाकाराने जे ऐकलं तेच आपणही ऐकतो.

बेगम अख्तर यांच्या बाबतीत तर तो क्षण रेडिओ स्टेशनातच घडला. अख्तरीबाई फैजाबादी म्हणून गाजलेल्या या गायिकेने १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी लग्न केलं आणि गाणं थांबलं. जवळजवळ पाच वर्षं. त्या आजारी पडल्या, खचल्या. गाण्याशिवाय दुसरा इलाज दिसेना. १९४९ साली त्या लखनौच्या रेडिओ केंद्रात आल्या, तीन गझला आणि एक दादरा गायल्या आणि गाणं संपल्यावर रडल्या. तिथून पुढे जी बेगम अख्तर आपल्याला माहीत आहे ती सुरू होते. मला या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मैफलीत परतणं तेव्हा त्यांना सोपं नव्हतं. लोक, घराण्याची प्रतिष्ठा, सगळंच आड येत होतं. स्टुडिओत समोर श्रोते नव्हते. बंद दार, एक माइक आणि साथीदार. त्या आडोशानेच त्यांना पुन्हा गाऊ दिलं. त्यांच्या १९४९ नंतरच्या गझला ऐकताना हे मनात असू द्या, ऐकणं बदलतं.

आता कार्यक्रमांकडे. 'तुमच्या आयुष्याला कलाटणी देणारा क्षण कोणता?' असं जो मुलाखतकार सरळ विचारतो, त्याचा कार्यक्रम मी सहसा पुढे ऐकत नाही. कलाकाराने त्या प्रश्नाचं उत्तर शंभरदा दिलेलं असतं आणि ते सांगून सांगून गुळगुळीत झालेलं असतं. चांगला कार्यक्रम आडवाटेने जातो. कलाकाराला एखादं छोटं बंधन घालतो, त्याचं लक्ष दुसरीकडे वळवतो, आणि खरं ते बोलण्याच्या ओघात बाहेर येतं.

याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत चांगला नमुना म्हणजे बीबीसीचा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'. ही कल्पना होती निवेदक रॉय प्लॉमली यांची. पहिला भाग २९ जानेवारी १९४२ रोजी, युद्ध चालू असताना, सैनिकांसाठीच्या प्रसारणावर लागला, आणि तो ध्वनिमुद्रित झाला होता बॉम्बहल्ल्यात नुकसान झालेल्या मेडा व्हेल स्टुडिओत. पाहुणे होते विनोदी नट व्हिक ऑलिव्हर. नियम तेव्हापासून जवळपास तोच आहे: तुम्ही निर्जन बेटावर एकटे अडकणार आहात, बरोबर कोणत्या आठ तबकड्या न्याल? पुढे त्यात एक पुस्तक आणि चैनीची एक वस्तू यांची भर पडली. आजवर तीन हजारांहून जास्त भाग झाले आहेत. पाहुणा गाण्यांबद्दल बोलतोय असं समजत असतो आणि आई, पहिला रंगमंच, मोडलेलं लग्न, सोडून गेलेला मित्र सगळे एकेक करून येऊन जातात. जर्मन गायिका एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फ यांनी १९५८ मध्ये आठपैकी सात तबकड्या स्वतःच्याच गाण्याच्या निवडल्या. लोक हा किस्सा आढ्यतेचा नमुना म्हणून सांगतात. मला मात्र तो भाग त्यांच्याबद्दल कुठल्याही लांबलचक प्रश्नोत्तरांपेक्षा जास्त सांगून जातो.

एकच भाग ऐकायचा असेल तर २०१६ मधला टॉम हँक्स यांचा ऐका. निवेदिका कर्स्टी यंग. लहानपणच्या एकटेपणावर बोलणं येतं आणि इतका सराईत नट, पण त्याला रडू आवरत नाही. यंग त्या वेळी काय करतात तिकडे कान द्या: घाई करत नाहीत, सांत्वनाचे शब्द पेरत नाहीत. रेडिओवर काही सेकंदांची शांतता सुद्धा फार लांब वाटते. ती तशीच राहू द्यायला धाडस लागतं. एक व्यावहारिक सूचना: पॉडकास्टमध्ये हक्कांच्या अडचणीमुळे गाण्यांचे फक्त तुकडे असतात. पाहुण्याची यादी समोर ठेवा आणि दर गाण्याला थांबून ते पूर्ण गाणं वेगळं ऐका. वेळ दुप्पट लागेल, पण कार्यक्रम त्याशिवाय अर्धाच कळतो.

आपल्याकडे याच्या फार जवळ जाणारी गोष्ट आहे आणि तिचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. विविध भारती १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, पंडित नरेंद्र शर्मांच्या देखरेखीखाली. तिच्यावरची 'जयमाला' फौजी भाइयांसाठी. म्हणजे तिकडे १९४२ मध्ये आणि इकडे विविध भारतीवर, श्रोता तोच: घरापासून दूर असलेला सैनिक. 'विशेष जयमाला'त चित्रपटातला एखादा कलाकार स्वतःच निवेदक होतो. मुलाखत घेणारा कुणी नसतो. आपल्या आवडीची गाणी लावायची आणि मधे फौजींशी बोलायचं, एवढंच. पत्रकाराशी बोलताना कलाकार स्वतःला सांभाळून असतो. सीमेवरच्या अनोळखी जवानाशी बोलताना तो पवित्रा गळून पडतो. संगीतकार सांगतो की अमुक गाणं कसं अडलं होतं, गायिका सांगते की ध्वनिमुद्रणाच्या दिवशी घरी काय चाललं होतं. अमीन सयानींनी व्यावसायिक प्रसारणात 'संगीत के सितारों की महफिल' केली, तिचा बाज वेगळा, जास्त नाट्यमय. ती जरूर ऐका, पण आधी 'विशेष जयमाला'. विविध भारतीचं थेट प्रसारण 'न्यूज ऑन एअर' ॲपवर ऐकता येतं.

या सगळ्यात मन विषण्ण करणारी बाब म्हणजे यातलं किती ध्वनिमुद्रण कायमचं गेलं ही. जुन्या काळी टेप महाग, जागा कमी, आणि आजचा कार्यक्रम उद्या कुणाला हवा असेल ही कल्पनाच नाही. बीबीसीकडे सुद्धा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'च्या पहिल्या दशकांतले बहुतेक भाग नव्हते. २०२२ मध्ये रिचर्ड हॅरिसन नावाच्या एका संग्राहकाकडून नव्वदहून अधिक हरवलेले भाग परत मिळाले, त्यात अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बींचाही होता. संस्थेने जे जपलं नाही ते घरी रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या श्रोत्यांमुळे वाचलं. तुमच्या घरात आजोबांच्या काळातल्या, रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी असतील तर कृपा करून टाकू नका.

आता सापडलेल्या कथा. इथे मी थोडी कडक आहे. 'हरवलेली कथा सापडली' ही बातमी नेहमीच मोठी होते, कथा नेहमीच मोठी असते असं नाही. २०१२ मध्ये डेन्मार्कमधल्या ओडेन्से इथल्या अभिलेखागारात एका खोक्याच्या तळाशी परीकथाकार हान्स अँडरसन यांची मेणबत्तीवरची एक सुरुवातीची गोष्ट मिळाली. अभ्यासकांना मोलाची, पण वाचकाला ती शिकाऊ हातची वाटते. कथा मोठ्याने वाचली की तिची ताकद लगेच कळते. डोळे पानावरून घसरत जातात, कंटाळवाणा परिच्छेद ओलांडतात. कानाला ती सोय नाही. म्हणून अशी कथा मी शक्यतो आधी ऐकते आणि नंतर वाचते.

या कसोटीला माझ्या मते उतरते ती 'ड्रॅक्युला'कार ब्रॅम स्टोकर यांची 'गिबेट हिल' ही कथा. तिचा शोधच ऐकण्यासारखा आहे. डब्लिनचे ब्रायन क्लिअरी यांची २०२१ मध्ये अचानक ऐकण्याची शक्ती गेली, ते नोकरीतून रजेवर होते आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसत. तिथे डब्लिनच्या जुन्या 'डेली एक्स्प्रेस'च्या १ जानेवारी १८९१ च्या अंकात त्यांना एक जाहिरात दिसली: नाताळ पुरवणीत स्टोकर यांची कथा. पुरवणी शोधली तर १८९० ची ती कथा मिळाली, जी कुठल्याच सूचीत नव्हती. 'ड्रॅक्युला'च्या सात वर्षं आधीची. २०२४ मध्ये ती लोकांसमोर आली. सरे परगण्यातल्या खऱ्या टेकडीवर, जिथे एका खलाशाचा खून करणाऱ्या तिघांना फासावर लटकवलं होतं, तिथे निवेदकाला तीन विचित्र मुलं भेटतात. स्वच्छ उजेडात हळूहळू भीती चढते. रात्री दिवा मालवून ऐका.

आणि हे वाचताना मला आपलं घर आठवतं. १८९० हेच हरि नारायण आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकाचं सुरुवातीचं वर्ष. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांवरूनच. म्हणजे स्टोकर यांची कथा जशा कागदात गाडली गेली होती, तशाच कागदात मराठीतल्या कित्येक कथा आजही पडून आहेत. संग्रहात न आलेल्या, कधीच पुन्हा न छापलेल्या. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा ठाण्याच्या १८९३ पासूनच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुने अंक चाळून पाहा. ज्या लेखकाचं नावही आपण ऐकलेलं नाही, त्याची अंगावर येणारी गोष्ट हाती लागते.

आकाशवाणीला श्रुतिकांची आणि नभोनाट्यांची जाण आहे, अभिवाचन करणारे उत्तम आवाज आहेत. तिने अशा कथांचा कार्यक्रम करावा असं मला वाटतं: आठवड्याला एक जुनी कथा, पंधरा-वीस मिनिटं, पार्श्वसंगीत जवळपास नको, आणि सुरुवातीला अंकाचं नाव व साल सांगायचं. कथाकथनाचा हशा-टाळ्यांचा थाट इथे नको. माइकजवळ बसून हळू वाचलेलंच हवं. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो, त्यामुळे १९१९ मध्ये गेलेल्या आपट्यांसह त्या पिढीतल्या बहुतेकांच्या कथा वाचायला आज कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर केंद्राला असं पत्र लिहाच. श्रोत्यांची पत्रं तिथे अजूनही वाचली जातात.