धोंडो म्हणजे दगडच

पिल्लू,

काल व्हिडिओ कॉलवर आजीने भिंतीवरचा जुना फोटो दाखवला, तेव्हा खालचं नाव वाचून तू विचारलंस, "धोंडो म्हणजे दगड ना? पणजोबांवर कोणी चिडलं होतं का?" आजीला हसू आवरेना आणि उत्तर राहूनच गेलं.

चिडलं नव्हतं रे, घाबरलं होतं. पणजोबांच्या आधीची तीन भावंडं तान्हेपणीच गेली. पूर्वी फार घरांत असं व्हायचं. मग चौथं मूल झालं की लोक त्याला मुद्दाम नकोसं नाव ठेवायचे. गोंडस नावाच्या बाळाला दृष्ट लागेल, पण धोंडा कोण उचलून नेतंय? घरात धोंडू, कागदावर धोंडो, चार लोकांत मान मिळाला की धोंडोपंत. दगडूही त्यातलाच. केरू म्हणजे केर, जो तुझ्या पलंगाखाली कायम असतो. भिकाजी म्हणजे भीक मागून मिळालेला. मूल आमचं नाहीच, असं यमाला भासवायचं! काही ठिकाणी मुलाचं नाक टोचून नथ घालत, त्याचा झाला नथू. अख्खं घर मिळून मृत्यूला थापा मारतंय, हे मला भारी वाटतं.

थाप कधीकधी पचायचीही. महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले. त्यांनी 1916 मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं, शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं आणि 1962 मध्ये ते गेले तेव्हा वय होतं 104. (सिनेमावाले दादासाहेब फाळके मात्र धुंडिराज. ते काशीच्या गणपतीचं नाव, दोन्हींत गल्लत करू नकोस.)

आणि तुझ्या वर्गातल्या पीटरला सांग, त्याचं नाव ग्रीक भाषेतून आलंय आणि त्याचाही अर्थ दगडच.

पणजीची मात्र पंचाईत. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, म्हणून तिला साधा 'धोंडा' शब्दही चालायचा नाही. विहिरीपाशी कपडे आपटायचा मोठा धोंडा होता. मी लहानपणी विचारायचो, "आजी, बादली कुठे ठेवू?" ती म्हणायची, "ठेव तिथे, ह्यांच्यावर."

तुझा बाबा