विचारा ना काका: पुस्तकातलं ऊन अन् नागपूरचं ऊन

या वेळी पुस्तकांबद्दलचीच पत्रं जास्त आली, त्यातली चार घेतो, बाकीच्यांनी रागावू नका बाप्पा, पुढच्या अंकात बघू.

प्रश्न: काका, मुलगी लंडनला असते, तिनं वाढदिवसाला बागकामाचं भलंमोठं इंग्लिश पुस्तक पाठवलं. त्यात बघून लॅव्हेंडर लावलं, फेब्रुवारीत गुलाब छाटले, सगळं फुल सनमध्ये ठेवलं. लॅव्हेंडर पावसाळ्यात गेलं, गुलाब मे महिन्यात. अंगणातलं संत्र्याचं झाड आठ वर्षांचं आहे, रोज पाणी घालते तरी पानंच पानं, फळ काही नाही. माझा हात वाईट की पुस्तक? (निवृत्त शिक्षिका, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: ताई, हातही चांगला अन् पुस्तकही चांगलं, फक्त ते पुस्तक लिहिणाऱ्यानं आपला मे महिना पाहिला नाही. त्याचं फुल सन म्हणजे दिवसाला सहाएक तास थेट ऊन, पण ते ऊन तिकडचं, आपल्या जानेवारीसारखं, लोक त्यात चादर टाकून बसतात. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत गरम असते, तिथं कुंडी ठेवली की मुळं शिजतातच. हिरवी नेट बांधा, कुंड्या पूर्वेला सरकवा, मार्चमध्येच, मे उजाडायची वाट बघू नका.

अशा पुस्तकांत झाडापुढे झोनचा नंबर असतो, लोक त्यावर फार विश्वास ठेवतात. तो नंबर फक्त हिवाळ्यात थंडी किती खाली जाते ते सांगतो, उन्हाबद्दल एक शब्द नाही. त्यांचं झाड थंडीनं मरतं, आपलं लूनं, म्हणून तो आकडा आपल्या काही कामाचा नाही. छाटणीचंही तसंच, तिकडे गुलाब थंडी संपता संपता छाटतात कारण पुढे वसंत असतो, आपल्या गुलाबाचा सीझनच थंडी, म्हणून ऑक्टोबरात, दसरा-दिवाळीच्या मध्ये कात्री चालवायची. पिटुनिया, फ्लॉक्स वगैरे ते लोक वसंतात पेरतात, आपण सप्टेंबर-ऑक्टोबरात. लॅव्हेंडर कोरड्या डोंगरउतारावरचं झाड, आपली काळी माती पाणी धरून बसते अन् वरून जुलै-ऑगस्ट, मुळं सडणारच, त्याचा नाद सोडा, मोगरा लावा.

आता संत्रं. पुस्तक म्हणतं नियमित पाणी द्या, अन् तुम्ही शिक्षिका असल्यामुळे रोज दिलं! संत्र्याला ताण लागतो हो, म्हणजे काही दिवस पाणी बंद. बहार म्हणजे फुलावर यायचा हंगाम, आंबिया बहार घ्यायचा असेल तर डिसेंबरात पाणी तोडतात, झाड मलूल होतं, थोडी पानंही गाळतं, मग जानेवारीत पाणी सोडलं की फुलावर येतं. मृग बहाराला हाच ताण उन्हाळ्यात, मग जूनचा पाऊस पडला की फुलं. हलक्या जमिनीत ताणाचे कमी दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीत जास्त, अन् नेमके किती ते झाड बघूनच ठरतं. काटोल-नरखेडकडचा कोणी बागवाला ओळखीचा असेल तर त्याला चहाला बोलवा, नाहीतर महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात विचारा.

पुस्तक मात्र कोणाला देऊन टाकू नका. फांदी कुठून अन् किती तिरकी कापायची, उंच झाडामागे काय शोभतं, हे त्यात फार छान असतं अन् ते सगळीकडे लागू पडतं. फक्त महिना लिहिला असेल तिथं पेन्सिलीनं बाजूला आपला महिना लिहीत जा.

प्रश्न: काका, मी बीएफए सेकंड इयरला आहे. बर्डीवर जुन्या पुस्तकांत आर्ट हिस्ट्रीचं एक जाडजूड पुस्तक दिसलं, सहाशे म्हणतो, घेऊ काय? (विद्यार्थिनी, नंदनवन)

उत्तर: पोरी, वरच्या ताईंचं पुस्तक चुकलं ते एका मे महिन्यात समजलं कारण झाड मेलं. आर्ट हिस्ट्रीचं पुस्तक चुकलं तर काहीच सुकत नाही, म्हणून पैसे द्यायच्या आधी तिथंच फूटपाथवर बसून तपासायचं.

आधी आवृत्तीचं साल बघ. जॅन्सनचं जे पुस्तक अमेरिकेतल्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं त्याच्या १९६२ च्या पहिल्या आवृत्तीत एकही बाई चित्रकार नव्हती, आर्टेमिसिया जेंटिलेस्की सतराव्या शतकात रंगवून गेलेली असूनही! पुढच्या आवृत्त्यांत बायका आल्या, म्हणजे नाव तेच पण पुस्तक वेगळं. मग चित्राखाली माप दिलंय का बघ. मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटीमीटर, पिकासोचं गेर्निका पावणेआठ मीटर लांब, अन् पुस्तकात दोघांना एकेक पान, माप नसेल तर तुला दोन्ही सारखीच वाटतील.

शेवटी मागची सूची उघड अन् अजिंठा शोध. एका ओळीत उरकलं असेल तर पुस्तक युरोपचं आहे, नाव काहीही असो. घ्यायला हरकत नाही, युरोपसाठीच घे, चारशेवर आण मात्र. अन् अजिंठा आपल्याला वाटतो तेवढा परका नाही, सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे, तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. दुसऱ्या शाखेची राजधानी नंदिवर्धन, ती रामटेकजवळचं नगरधन मानतात, तिथं तू पिकनिकला गेलीच असशील. मुंबईच्या जेजे स्कूलच्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून बरीच वर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला गेल्या अन् त्यातल्या कितीतरी १८८५ च्या आगीत जळाल्या. तुझ्याच वयाची पोरं होती ती, लेण्यात अंधारात बसून काढत होती.

प्रश्न: मुलगा आठवीत, जगाचा इतिहास म्हटलं की झोपतो. एखादं सोपं पुस्तक सांगा. (मानेवाडा)

उत्तर: भाऊ, नेहरूंनी इंदिरेला जगाच्या इतिहासावर लिहिलेली पत्रं द्या, तुरुंगातून लिहिलेली १९६ पत्रं, सुरू केली तेव्हा तीही तेराचीच होणार होती. सगळी सलग वाचायला लावू नका, पोरगं पळेल, मधलं कुठलंही एक उघडून द्या. पुस्तक १९३४ चं, म्हणजे दुसरं महायुद्ध त्यात नाही, ते आधीच सांगा नाहीतर शोधत बसेल.

पण त्याच्याआधी एका रविवारी त्याला एम्प्रेस सिटी मॉलला न्या, तसाही जातच असेल तो. तिथं आधी एम्प्रेस मिल होती, जमशेटजी टाटांची, सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. मिल इथंच काहून? कारण कापूस वऱ्हाडात अन् वर्ध्याकडे, अन् रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचलेली. त्याच्या आधी १८६१ ते ६५ अमेरिकेत उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला, आपल्याकडच्या कापसाचे भाव भडकले, युद्ध संपलं तसे धाडकन पडले. लिंकन गुलामगिरीशी लढत होता तेव्हा हिंगणघाटच्या बाजारात खळबळ, हे ऐकल्यावर कोणता पोरगा झोपतो बघू. आमच्या घरी तर आजोबा कापसाच्या भावावरून अमेरिकेला शिव्या द्यायचे, ते वेगळ्या कारणानं असेल पण सवय जुनी.

प्रश्न: मोठ्या चित्रांच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली, काय करू? (प्रतापनगर)

उत्तर: कपाट कूलरसमोर आहे ना? कूलरची ओली हवा दोन महिने लागली की साधी पुस्तकं फुगतात, बुरशी धरतात, पण त्या चकचकीत कागदाला वरून लेप असतो, तो ओला झाला की गोंदासारखा वागतो. अजून ओलं असेल तर आत्ताच एकेक पान सावकाश सोडवा, मध्ये बटर पेपर घाला, पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. वाळून चिकटलेली असतील तर ओढू नका, चित्रच सोलून निघेल, ती गेली म्हणून समजा. अन् कपाट हलवा आधी, कूलर तर तुम्ही हलवणार नाही.