अभ्यासाच्या जोरावर मंत्री होता यायचं का?

प्रश्न: जुन्या जपानच्या दरबारातही कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकवायचे असं वाचलं. मग चीनसारखं तिथेही साध्या घरातला हुशार मुलगा परीक्षा देऊन वरपर्यंत जायचा का? आणि हे पंडित अधिकारी नक्की काय काम करायचे?

उत्तर: जायचा, पण फारच क्वचित, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त हेच मनाला लागतं. 701 च्या कायद्यानुसार राजधानीत दाइगाकु-र्यो म्हणून सरकारी विद्यापीठ होतं, 400 विद्यार्थी, कन्फ्यूशियसची वचनं आणि पितृभक्तीचा ग्रंथ सगळ्यांना कंपल्सरी. दहा दिवसांतून एक सुट्टी आणि तिच्या आदल्या दिवशी परीक्षा! हजार अक्षरांच्या मजकुरात तीन अक्षरं झाकून ठेवायची आणि पोरांनी ती पाठ म्हणून दाखवायची. पण प्रवेशच मुळात दरबारातल्या पाचव्या आणि त्यावरच्या श्रेणीच्या (पहिली श्रेणी सगळ्यात वरची) घराण्यांसाठी आणि लेखनिकांच्या काही पिढीजात कुटुंबांसाठी, आठव्या श्रेणीपर्यंतच्यांच्या मुलांना अर्ज करून बसता यायचं.

आता खरी गोम बघा. दरबारात या श्रेणींच्या मिळून एकूण 30 पायऱ्या, आणि पहिल्या श्रेणीतल्या माणसाच्या थोरल्या वारसाला 21 व्या वर्षी काहीही न करता पाचव्या श्रेणीची सगळ्यात खालची पायरी मिळायची, तर सर्वात अवघड परीक्षेत सर्वात वरचा निकाल लावणाऱ्याला आठव्या श्रेणीची वरची पायरी, म्हणजे तब्बल 9 पायऱ्या खाली. मग मोठ्या घरातली मुलं कशाला रात्र जागवतील?

म्हणूनच किबी नो माकिबी या पंडितांबद्दल मला एवढा आदर वाटतो. वडील पहारेकऱ्यांच्या दलातले लहान अधिकारी. 717 मध्ये विशीतले माकिबी शिकायला थांग राजवटीच्या चीनमध्ये गेले आणि परत आले ते 735 मध्ये, सोबत काय तर विधींचे 130 खंड, नव्या कालगणनेचे ग्रंथ, सूर्याची सावली मोजायचं लोखंडी साधन, संगीताची पुस्तकं, धनुष्यबाण सुद्धा. राजकन्या आबे, म्हणजे पुढची सम्राज्ञी कोकेन, तिला विधींचा ग्रंथ आणि हान राजवटीचा इतिहास यांनीच शिकवला. विद्यापीठात कन्फ्यूशियसच्या पूजेचा सोहळा नीट बसवला तोही यांनीच. ती कालगणना मात्र 764 मध्ये लागू झाली, म्हणजे आणल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी, दरबाराचा कारभारच तसा.

वर चढलेल्या बाहेरच्या माणसाला शत्रू भरपूर मिळतात ना, तेच झालं. 740 मध्ये फुजिवारा या बड्या घराण्यातल्या फुजिवारा नो हिरोत्सुगुने बंड केलं आणि मागणी काय तर माकिबी आणि भिक्षू गेनबो यांना हटवा. बंड मोडलं, पण 750 मध्ये त्यांना दूर क्युशू बेटावर चिकुझेन प्रांताचा सुभेदार करून पाठवलंच, मग 752 मध्ये पुन्हा चीनला, आता उपराजदूत म्हणून, परत आल्यावर पुन्हा क्युशूतच, दाझाइफु या तिथल्या सरकारी मुख्यालयात, तिथे किल्ला बांधायचं काम. पण युद्धशास्त्रही शिकलेला माणूस तो! 764 मध्ये फुजिवारा नो नाकामारो उठला तेव्हा लढाईची आखणी यांनी केली आणि 766 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते उदाइजिन म्हणजे उजव्या बाजूचे मंत्री झाले, दरबारातल्या सगळ्यात वरच्या पदांपैकी एक. 770 मध्ये त्यांची विद्यार्थिनी असलेली ती सम्राज्ञी वारली, वारसाच्या भांडणात फुजिवारांचं म्हणणं चाललं आणि पुढच्या वर्षी हे निवृत्त झाले.

एवढ्या उंचीवर पोचलेला नंतरचा पंडित म्हणजे सुगावारा नो मिचिझाने, तेही 899 मध्ये, आणि 901 मध्ये थेट दाझाइफुला हद्दपार. त्यांचे आजोबा आणि वडील दोघंही विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक होते, म्हणजे तोवर विद्वत्ता हीसुद्धा घराण्याची मिरास होऊन बसली होती.

कामाचं विचाराल तर हुकूम आणि राजपत्रांचे मसुदे लिहिणं, विद्यार्थी घडवणं, मेजवानीत चिनी कविता रचणं, आणि मध्येच कुठल्यातरी प्रांताची सुभेदारी. मिचिझाने 886 ते 890 सानुकी प्रांतात होते आणि तिथल्या थंडीत कुडकुडणाऱ्या गोरगरिबांवर, म्हणजे अनाथ, कोळी, मीठ विकणारे, लाकूडतोडे यांच्यावर त्यांनी दहा कविता लिहिल्या, त्या जरूर शोधून वाचा. आणि 893 मध्ये स्वतःच्या छोट्याशा अभ्यासिकेवर लिहिलेला त्यांचा निबंधही वाचाच. त्यात ते अगदी मनापासून वैतागलेत, लोक येतात, सुरी आणि कुंचल्यांशी खेळतात, ग्रंथ खराब करतात, आणि मेहनतीने उतरवलेल्या टिपणांचे कागद हुशार लोक खिशात घालतात, बाकीचे फाडून टाकतात!