बॉलची जाळी कुणाकडं द्यायची?

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. फुटबॉल शिकवायला वस्तीतली चौदा पोरं गोळा केलीस, तीन आठवड्यांत पाचच उरली आणि त्यातल्याच एकानं बॉलमध्ये हवा भरायचा नवा पंप पळवला, असं लिहिलंयस. वर विचारलंयस, "ह्या पोरांना जबाबदारी शिकवायची तरी कशी?" पंप गेला ते वाईटच झालं. पण पोरानं पळवला हे तू डोळ्यांनी बघितलंस का? नसलंस, तर तो शब्द आधी खोड. का, ते सांगतो.

माझी सुरुवातीची वर्षं होती. बॉलची जाळी रोज मीच घरी न्यायचो. एकदा एका पोराकडं दिली. वय बारा-तेरा, शाळा सुटलेली. दुसऱ्या दिवशी जाळी आली, पण पाचाचे चारच बॉल. सगळ्यांदेखत मी त्याला नको ते बोललो. पोरगं गप उभं राहिलं, मग तीन दिवस फिरकलंच नाही. चौथ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. दारात त्याचे आजोबा चपला शिवत बसलेले आणि पुढ्यात आमचा बॉल. गल्लीतल्या बारक्यांनी खेळून त्याची शिवण उसवली होती, ब्लॅडर बाहेर आलेलं. पोरानं आजोबांच्या मागं लागून तो शिवायला लावला होता, कातड्याच्या वादीनं, चपलेला घालतात तसल्याच टाक्यांनी. बॉल धड झाल्याशिवाय सरांना तोंड दाखवायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

ज्यांच्यादेखत बोललो होतो, त्यांच्यादेखतच दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली. घसा कोरडा पडला होता, खोटं कशाला सांगू. तिथून पुढं तो ग्राउंडवर येत होता तोवर जाळी त्याच्याकडंच राहिली.

आपलं काय होतं, पोरगं आधी सुधारू दे, मग त्याच्यावर काहीतरी सोपवू, असं म्हणत बसतो. पोहायला आल्यावरच पंचगंगेत उतर म्हटल्यासारखं आहे हे. कुस्तीच्या तालमीत असं चालत नाही. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी डाव दाखवत नाही, हातात खोरं देतो आणि हौद्यातली माती उकरायला लावतो. दुसरा ज्या मातीत पडणार, ती तू मऊ करायची. कुणाच्या पाठीला खडा लागला, की आज पाळी कुणाची होती ते सगळ्या तालमीला कळतं.

शिकागोत डॉन हेलिसन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकानं अशाच अडचणीतल्या पोरांबरोबर वर्षानुवर्षं काम करून एक पद्धत बसवली. दुसऱ्याचा मान राखणं, मन लावून खेळणं, कुणी न सांगता आपलं आपण करणं, दुसऱ्याला हात देणं आणि शेवटी हे सगळं मैदानाबाहेर घेऊन जाणं, अशा पाच पायऱ्या. सराव संपला की पोरं गोल बसतात आणि आज मी कसा वागलो ते अंगठ्यानं दाखवतात: वर, आडवा नाहीतर खाली. मी करून बघितलं. पहिले पंधरा दिवस सगळ्यांचे अंगठे वर! मग एकदा मीच माझा आडवा धरला, त्या दिवशी उगाच चिडचिड केली होती म्हणून. तेव्हा कुठं एकाचा हळूच खाली गेला.

आणखी एक. सरावाच्या मॅचला शिट्टी नेऊ नकोस. हँड झाला, म्हणजे बॉलला हात लागला, की ज्याचा लागला त्यानं स्वतः हात वर करायचा. महिनाभर भांडणं होतील, होऊ देत. आणि शिक्षा म्हणून ग्राउंडला फेऱ्या मारायला लावू नकोस. पळणं हीच शिक्षा ठरली तर पळायला येणार कोण?

पाचवी पायरी, मैदानाबाहेरची, मात्र आपल्या कोल्हापुरात लई अवघड. इथं फुटबॉल पेठेचा असतो, संघ तालमींच्या नावानं उतरतात. आठवडाभर इमानदारीत हात वर करणारं पोरगं शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलं, की समोरच्या तालमीच्या नावानं शिव्या सुरू करतं आणि राडा झाला तर पुढं असतं. मला यावर औषध सापडलेलं नाही. मॅचला त्यांच्याबरोबर जाऊन बसतो, एवढंच करतो.

स्वप्नं विकू नकोस. 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा आमची पोरं नुसती तरंगत होती. मलाही भारी वाटलं. पण आपल्यातली बरीचशी शिरोलीच्या फौंड्रीत नाहीतर मार्केट यार्डात लागणार. जाळीवाला पोरगाही फौंड्रीतच आहे. पहिली पाळी असली की संध्याकाळी येऊन बारक्यांना पासिंग शिकवतो, माझ्यापेक्षा बरं.

आता तुझी ती नऊ पोरं. ती सुटली म्हणून हात झटकू नकोस, कुठं गेली ते बघ. ऊसतोडीवाल्यांची असतील तर हंगाम संपला की आईबापामागं बीडकडं गेली असतील, ती काय पळून गेली नाहीत. पोरी असतील तर वस्तीत पाणी यायची वेळ आणि तुझ्या सरावाची वेळ एकच नाही ना, ते बघ. माझी निम्मी पोरं नुसती वेळ बदलल्यावर परत आली होती.

पंप माझ्याकडचा घेऊन जा, जुना आहे पण हवा भरतो. रविवारी सकाळी सातला ये. साहित्याच्या खोलीची किल्ली नववीतल्या एका पोरीकडं असते. "आलो आलो, सर" करत येते (आपल्या पोरी आलो-गेलोच म्हणणार), पण पाच-दहा मिनिटं उशीर ठरलेला. दुसरी किल्ली मी करून घेतलेली नाही. लवकर पोचलंस तर माझ्यासारखंच दाराबाहेर उभं राहावं लागेल.

तुझा,
सर