नाव एकाचं, तोंड दुसऱ्याचं

प्रश्न : लेकीकडे लंडनला गेले होते तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये दोन ग्रीक चांदीची नाणी पाहिली. एकावर सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला तरुण, नाव अलेक्झांडरचं. दुसऱ्यावर कानाशी शिंग असलेला तरुण, नाव लायसिमाकसचं. पण खालच्या पाटीवर लिहिलं होतं, हा अलेक्झांडर! मग खरा कोणता? आणि या नाण्यांत चांदी किती असायची?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, शिंगवाला. घोटाळा होतो तो नाणं आपण फोटोसारखं वाचतो म्हणून. ग्रीक अक्षरं ‘अलेक्झांडर’ म्हणत नाहीत, ‘अलेक्झांडरचं’ म्हणतात. षष्ठी विभक्ती, म्हणजे मालकी! सिंहाच्या कातड्यातला तरुण हेराक्लीस, ग्रीक पुराणातला वीर. मॅसिडोनियाचं राजघराणं, म्हणजे अलेक्झांडरचं घराणं, त्याला आपला मूळपुरुष मानायचं. त्यात अलेक्झांडरची छटा आहे असं काही जण म्हणतात. मला ती दिसत नाही.

आणि मालकी तरी कुठली? इ.स.पू. 323 मध्ये बाबिलोनला अलेक्झांडर वारला, पण त्याच्या नावाची नाणी पुढे दोन शतकं पडत राहिली. आम्ही चार पिढ्यांचे सराफ, मला यात नवल वाटत नाही. ओळखीचा छाप असला की गिऱ्हाईक कसोटी लावायला सांगत नाही. भाडोत्री सैनिकाला पगार याच नाण्यात हवा असे.

लायसिमाकस हा अलेक्झांडरचा अंगरक्षक, पुढे ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसचा राजा. इ.स.पू. 297 च्या सुमारास त्याने मालकाचाच चेहरा नाण्यावर आणला. शिंग मेंढ्याचं, म्हणजे आमोन देवाचं. इ.स.पू. 331 मध्ये इजिप्तच्या वाळवंटात, सिवाला, तिथल्या पुजाऱ्याने अलेक्झांडरला देवाचा पुत्र म्हटलं होतं, त्याची ही खूण.

आता चांदी. ही चार द्राखमांची नाणी; द्राखमा म्हणजे ग्रीकांचं चांदीचं नाणं. (आपला ‘दाम’ या द्राखमाचाच वंशज, मधे ‘द्रम्म’ होऊन आलेला; कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म भेटतो.) अथेन्सच्या मापाने वजन सुमारे 17.2 ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्याला थोडंसंच कमी. चांदी चांगली चोख. अलेक्झांडर आणि लायसिमाकस दोघांनी हे माप पाळलं.

पाळलं नाही ते अलेक्झांडरच्याच एका सेनानीने, पुढे इजिप्तचा राजा झालेल्या पहिल्या टॉलेमीने. त्याने आधी हत्तीचं कातडं पांघरलेला अलेक्झांडर छापला, मग स्वतःचं तोंड. वजन मात्र टप्प्याटप्प्याने 14.2 ग्रॅमवर आणलं. नाण्यामागे पाव तोळा खाल्ला! त्याच्या राज्यात परकी नाणी चालत नसत. व्यापाऱ्याने ती देऊन इथली हलकी घ्यायची आणि फरक खजिन्यात. आमच्या पेढीवर असा बट्टा लावला असता तर दुसऱ्या दिवशी फळीसुद्धा उघडता आली नसती.

काचेआड बहुधा एकच बाजू दिसते, म्हणून लायसिमाकसच्या नाण्याची पाठ सांगून ठेवतो. अथीना देवी बसलेली, तिच्या तळहातावर इवलीशी विजयदेवता नीके. नीके हात पुढे करून हार घालते, तो कुणाच्या गळ्यात नाही. शेजारी उभ्या ओळीत कोरलेल्या लायसिमाकसच्या नावाला घालते.