धड्यात न लिहिलेले उत्तर

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. धडा ती न अडखळता वाचते आणि ‘कोण’, ‘कुठे’ या प्रश्नांची उत्तरेही चटकन लिहिते. परंतु ‘असे का झाले असेल?’ असा प्रश्न आला की ‘हे पुस्तकात दिलेलेच नाही’ म्हणून वही मिटते. शाळेत कन्नडही शिकावे लागत असल्यामुळे तिचा गोंधळ होत असेल का? घरी आम्ही काय करावे?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे एका अर्थी खरेच आहे. अशा प्रश्नाचे अर्धे उत्तर धड्यात असते आणि अर्धे वाचणाऱ्याच्या अनुभवात. ही दोन अर्धी जोडायची असतात, हेच तिला अजून कोणी उघड करून दाखवलेले नाही. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार आहे, अशी मांडणी केली. तिची पहिली बाजू भक्कम दिसते. मेहनत दुसऱ्या बाजूवर घ्यायची आहे, त्यामुळे पाठांतर किंवा शुद्धलेखन वाढवून येथे फारसा उपयोग होणार नाही.

दोन वाक्ये घेऊ. ‘आजीने अंगणातली मिरची घाईघाईने आत घेतली. शेजारच्या काकूही दोरीवरचे कपडे ओढू लागल्या.’ यात पावसाचा शब्दही नाही. तरी खानापूरच्या मुलीला तो दिसायला हवा. प्रश्न विचारण्याआधी आपणच मोठ्याने विचार करून दाखवा : ‘मिरची वाळायला ठेवली होती, ती घाईने का उचलली असेल? काकूही कपडे काढत आहेत, म्हणजे आभाळ भरून आले असणार.’ आठवडाभर असे ऐकवल्यावर तिला उत्तर विचारा, आणि प्रत्येक उत्तरानंतर, ते बरोबर असले तरीही, एकच शब्द पुढे करा : ‘कशावरून?’ माझ्या मते या एका शब्दात निम्मे काम आहे, कारण त्यामुळे मूल आधाराचे वाक्य बोटाने दाखवू लागते आणि मनात येईल ते ठोकून देणे व अनुमान करणे यांतला फरक त्याला कळतो. ‘काकूंना राग आला होता’ असे ती म्हणाली, तर ‘चूक’ म्हणू नका. तो राग कोणत्या शब्दात दिसतो ते शोधायला सांगा.

सर्वनामांकडेही लक्ष द्या. ‘बाबांनी छत्री शोधली, पण ती दादाने नेली होती’ यातील ‘ती’ म्हणजे कोण, हे जोडणेही अनुमानच आहे. मराठीत तर कर्ता गाळूनही वाक्य चालते. ‘आली आणि न जेवताच गेली’ एवढ्यावरून येणारी व्यक्ती स्त्री आहे, हे क्रियापदच सांगते. असे शोध मुलांना कोड्यासारखे आवडतात.

कधी कधी अडचण तर्काची नसून माहितीची असते. भाताची रोपलावणी पाहिलेल्या मुलीला चिखलाने माखलेल्या पायांवरून हंगाम ओळखता येईल. मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीचा धडा तिला नुसता वाचून उमगणार नाही, तेव्हा आधी त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात.

कन्नडला दोष देऊ नये. खुणा जुळवून अर्थ लावण्याची सवय एका भाषेत लागली की दुसरीतही उपयोगी पडते. मात्र सुरुवात मुलीला अधिक सहज येणाऱ्या भाषेत, म्हणजे घरच्या मराठीत, तोंडी आणि गोष्ट ऐकता ऐकता करावी. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. महिना-दोन महिन्यांनंतर वाचून नव्हे, तर ऐकूनही अशी साधी अनुमाने तिला जमत नसतील, तर वर्गशिक्षकांशी बोलावे आणि तिचे ऐकणे एकदा तपासून घ्यावे.